अलिबागला सकाळी फिरायला जायचंय? आधी तिथी बघा

आमच्याकडे नवीन माणूस फिरायला लागतो तेव्हा आधी शूज घेतो, मग पावलं मोजायचा बँड घेतो, आणि आठवड्याभरात विचारतो की अहो परवा केवढी वाळू होती, आज गेली कुठे? गेली नाही रे बाबा, भरती आहे. इथे घड्याळ नंतर, तिथी आधी.

हिशोब शाळेतला आहे. तिथीची पाऊणपट करायची, येईल त्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी म्हणजे चार त्रिक बारा, भागिले चार, तीन वाजता भरती. त्यात सहा तास मिळवले की नऊला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येनंतर परत एकपासून मोजायचं. अर्धा तास इकडेतिकडे होतो, पण फिरायला जायला एवढं पुरतं. अष्टमी ते एकादशी सकाळच्या वेळेला पाणी वर असतं, तेव्हा वाळूची पट्टीच मिळते, आम्ही सरळ रस्त्याने फिरतो. पौर्णिमा-अमावास्येला मात्र पहाटे साडेपाच-सहाला पाणी एवढं आत गेलेलं असतं की काय सांगू, पण ते उधाणाचं पाणी, परत येतं तेही झपाट्याने.

यावरून आमची फजिती सांगतो. प्रतिपदा होती, सातला इथल्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यात चालत गेलो, चौघे जण, गप्पा, फोटो, शेजारच्या छोट्या किल्ल्यापर्यंत, सर्जेकोटापर्यंत, एक चक्कर, कुणीतरी घरून थालीपीठं आणलेली, आणि परत निघालो तेव्हा आधी घोटाभर वाटलेलं पाणी वीस पावलांत मांडीला लागलं. मुकाट्याने मागे फिरलो. चार वाजेपर्यंत आतच. थालीपीठं आठलाच संपलेली. बरं किल्ल्यात गोड्या पाण्याची विहीर आहे म्हणून घसा तरी ओला राहिला, आणि घरी काय ऐकून घेतलं ते इथे लिहीत नाही. म्हणून किल्ल्यात जायचं तर संकष्टीला जा, नऊच्या आसपास ओहोटी असते, आठला आत, सिद्धिविनायकाचं दर्शन (देऊळ 1759 सालचं, राघोजी आंग्र्यांनी बांधलेलं), दहाच्या आत बाहेर. पावसाळ्यात हा नाद पूर्ण सोडायचा, तिथी कुठलीही असो.

आता चालायचं कुठे. कोरड्या वाळूत पाय रुततो आणि पोटऱ्या भरून येतात, अगदी पाण्यात चाललं तर चप्पल जाते. मधली ओली, घट्ट वाळू धरायची, जिथे पाय उमटतो पण रुतत नाही. तिथेच त्या बारक्या कुर्ल्या मोहरीएवढ्या वाळूच्या गोळ्या करून बिळाभोवती नक्षी काढून ठेवतात, आमच्यातला एक जण अजून त्यांच्यावर पाय पडू नये म्हणून उड्या मारत चालतो, वय वर्षे 58. किनाऱ्याला उतार असतो, त्यामुळे एका बाजूच्या गुडघ्यावर जास्त भार येतो, वरसोलीपर्यंत गेलात तर त्याच वाटेने परत या म्हणजे दोन्ही गुडघ्यांचा हिशोब चुकता. अनवाणी चाला, पण खडकाजवळ नको, कालवं पाय कापतात. किनारा पश्चिमेला, ऊन पाठीमागून येतं, म्हणून थंडीत आठ वाजेपर्यंत आरामात चालता येतं.

मित्रांचं म्हणाल तर चार-पाच जण बास. दहा झाले की रोज कुणाची तरी वाट बघण्यातच सूर्य वर येतो. आमचा नियम, ठरलेल्या जागी दहा मिनिटं थांबायचं आणि निघायचं, फोन करायचा नाही, उशिरा येणाऱ्याने चहा पाजायचा (याच नियमाने एक जण गेली तीन वर्षं चहा पाजतोय, सुधारला नाही). वेग एवढाच की बोलता आलं पाहिजे, धाप लागून बोलणं तुटायला लागलं की ज्याचं तुटतंय त्याच्या चालीने सगळ्यांनी चालायचं. पुढे पळून दाखवणारा असेल तर त्याला एकटं पळू द्या. ग्रुपमध्ये शुगरवाला असेल तर प्रत्येकाच्या खिशात लिमलेटची गोळी हवी, त्याच्या एकट्याच्या नाही, कारण तो विसरणारच.

आणि व्हॉट्सॲप ग्रुप करा, पण फुलांचे गुड मॉर्निंग बंद. रात्री एकच मेसेज टाकायचा, आज मी टाकलाय तो असा: उद्या षष्ठी, साडेचारला भरती, सहानंतर वाळू मोकळी, सव्वासहाला नेहमीच्या जागी, चहा कोण पाजणार ते सगळ्यांना माहितेय.