शिडांची उभी पवनचक्की: या चुका टाळा

या चक्कीत उभ्या खांबाभोवती होडीसारखी कापडी शिडं फिरतात. ती बांधताना सगळ्यात लाडकी चूक म्हणजे शिडं ताणून पक्की बांधणं. फोटोत झकास दिसतात. पण होडीतला माणूस वारा बघून शिडाची दोरी सैल-घट्ट करत असतो, आणि इथे तर एकाच फेरीत शिडाला चारी दिशांनी वारा लागतो. शीड आणि त्याला जाणवणारा वारा यांतला कोन साधारण १५-२० अंशांपुढे गेला की शीड ओढायचं थांबतं, नुसता अडथळा होतं. अशी चक्की जोराच्या वाऱ्यातही कुंथत फिरते. मग लोक शिडाचं कापड वाढवतात, म्हणजे अडथळाच वाढवतात.

उपाय: शीड पुढच्या काठीभोवती मोकळं फिरू द्या आणि मागच्या दांडीला दोरीने मर्यादा घाला. सुरुवातीला फिरण्याच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना ३५-४० अंश, मग भार लावूनच दोरी कमी-जास्त करा. उत्तर चीनच्या मिठागरांतल्या आठ शिडांच्या चक्क्यांमध्येही शिडं अशीच आपोआप वळत.

इथूनच दुसरं दुखणं सुरू होतं. वाऱ्यासोबत जाणाऱ्या बाजूला दांडी एकदम पलटते आणि दोरीच्या टोकाला हिसका बसतो. मिनिटाला ३० फेरे धरले तर दिवसात प्रत्येक शिडाला ४३,२०० हिसके. होडीला आयुष्यात इतके बसत नाहीत. आधी मागच्या कोपऱ्याची शिवण उसवते, मग कडी निघते, मग सुटलेली दांडी शेजारच्या शिडात घुसते. जाड दोरी लावून हे थांबत नाही, फक्त तुटण्याची जागा बदलते. दोरीत सायकलच्या ट्यूबचा तुकडा घाला, कोपऱ्याला कापडाचे तीन-चार थर द्या, दांडी बांबूची किंवा ॲल्युमिनियमची ठेवा. एक मीटर त्रिज्येवर ३० फेऱ्यांना दांडी स्वतःच्या वजनाइतक्या जोराने बाहेर ओढली जाते. ६० फेऱ्यांना चौपट. लोखंडी पाइप लावणाऱ्यांनी हा हिशेब आधी करावा.

ताडपत्री नको, ती ताणते आणि उन्हात फाटते. पॉलिस्टरचं शिडाचं कापड आणि पॉलिस्टरचाच दोरा घ्या.

गाडीचा अल्टरनेटर (वीज तयार करणारा भाग) थेट जोडू नका; त्याला मिनिटाला हजाराच्या आसपास फेरे लागतात. ही चक्की पाणी उपसायला बरी.

दोन बाय दोन मीटरच्या चक्कीवर सेकंदाला पाच मीटरच्या वाऱ्यात वाऱ्याचेच जेमतेम ३०० वॅट येतात, त्यातले ३०-४५ हाती लागतात. किलोवॅटचं गणित मांडणाऱ्यांना हे ऐकवून उपयोग नसतो.

खालच्या बेअरिंगवर कंजुषी तर नकोच. केबेकमधली ‘एओल’ ही ११० मीटर उंच उभी चक्की. १९९३ मध्ये तिच्याही तळाच्या बेअरिंगनेच मान टाकली. उभा भार पेलणारं थ्रस्ट बेअरिंग वेगळं बसवा, वर पाणी अडवणारी टोपी द्या.

वादळासाठी ब्रेकवर विसंबू नका. वारा सेकंदाला पाच मीटरचा पंचवीस झाला की दाब पंचवीसपट होतो. जमिनीवर उभं राहून एक दोरी सोडली की शीड खाली यायला हवं; त्यासाठी शिडी लावावी लागत असेल, तर रचना पुन्हा करा.