गोठ्यातील उष्णतेचा ताण: श्वास मोजून कसा ओळखावा आणि कसा कमी करावा

विदर्भात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे गेला की जनावरे दुधाला आटतात, हे कोणाही पशुपालकाला नव्याने सांगण्याची गरज नाही. मात्र ‘ऊन आहे, वैरण कमी खाते, म्हणून दूध कमी झाले’ हा नेहमीचा समज अर्धाच खरा असल्याचे गेल्या दीड-दोन दशकांतील संशोधनातून दिसून आले आहे. अमेरिकेतील प्रयोगांत काही गाईंना उष्णतेत ठेवले आणि दुसऱ्या काही गाईंना गारव्यात ठेवून तेवढाच मोजका चारा दिला. तेव्हा दुधातील घटीपैकी साधारण 35 ते 50 टक्केच घट कमी खाण्यामुळे झालेली आढळली. उरलेली घट उष्णतेमुळे शरीराचे अंतर्गत व्यवहार बदलल्याने होते. म्हणून केवळ ढेप (पेंड) वाढवून दूध परत येत नाही. आधी जनावराच्या अंगातील उष्णता बाहेर पडली पाहिजे.

ती साठते आहे की नाही हे ओळखण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे श्वास मोजणे. जनावर सावलीत शांत उभे किंवा बसलेले असताना चार-पाच पावले दूर, बाजूला उभे राहावे आणि त्याच्या कुशीकडे, म्हणजे शेवटची बरगडी व कमरेचे हाड यांमधील खळगीकडे पाहावे. खळगी एकदा वर येऊन खाली गेली की एक श्वास धरावा. अर्धा मिनिट मोजून आकडा दुप्पट करावा. नुकतेच चालून आलेल्या जनावराचा श्वास मोजू नये. निरोगी गाईचा श्वास मिनिटाला साधारण 15 ते 30 असतो. तो 60 च्या वर गेला तर ताण स्पष्ट आहे असे समजावे, आणि 80 च्या पुढे जाऊन तोंड उघडे, जीभ बाहेर व लाळ गळत असेल तर तातडीने उपाय करावेत.

दुपारी तीनच्या सुमारास श्वास मोजावाच, पण माझ्या मते पहाटेचा आकडा अधिक बोलका असतो. रात्रीच्या गारव्यात जनावराने दिवसभराची उष्णता टाकून दिलेली असेल तर पहाटे श्वास पूर्ववत होतो. पहाटेही तो 40 च्या वर राहिला तर आदल्या दिवसाची उष्णता अंगातच आहे आणि आजचे ऊन तिच्यावर चढणार आहे. दुधातील घट साधारण एक-दोन दिवसांनी दिसते, त्यामुळे बादलीतल्या मापावर विसंबून राहिल्यास उशीर होतो.

तापमान व आर्द्रता एकत्र धरून शास्त्रज्ञ एक निर्देशांक काढतात. संकरित दुधाळ गाईंसाठी त्याची धोक्याची पातळी पूर्वी 72 मानली जात असे. अधिक दूध देणाऱ्या गाईंसाठी ती आता 68 वर आणली गेली आहे. गवळाऊसारख्या देशी गाई याहून बरेच अधिक सोसतात. आपल्याकडे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की 42 अंश तापमान आणि 20 टक्के आर्द्रता असताना हा निर्देशांक सुमारे 86 येतो, आणि पावसाळा लागल्यावर 32 अंश तापमान व 80 टक्के आर्द्रता असतानाही तो सुमारे 86 च येतो. नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, संपला, मृगाच्या सरी पडल्या की आपण निर्धास्त होतो. संकरित गाय आणि म्हैस मात्र त्या उकाड्यात तितकीच धापा टाकत असते.

म्हणूनच दोन्ही ऋतूंत उपाय एकच ठेवू नयेत. कोरड्या उन्हाळ्यात ओले गोणपाट पश्चिमेच्या बाजूला बांधणे, कूलर लावणे किंवा बारीक फवारा सोडणे उपयोगी पडते, कारण पाणी झपाट्याने उडते आणि हवा गार होते. पावसाळी उकाड्यात हेच पडदे गोठ्यात दमटपणा कोंडतात. तेव्हा ते काढून टाकावेत, गोठा चारही बाजूंनी मोकळा करावा, आणि अंग कातडीपर्यंत भिजेल इतके पाणी टाकून ते पंख्याच्या वाऱ्याने वाळू द्यावे, मग पुन्हा भिजवावे. गाई स्वतःहून फवाऱ्यापेक्षा सावली पसंत करतात, पण शरीरातील उष्णता कमी करण्यात फवारा अधिक प्रभावी ठरतो, असे न्यूझीलंडमधील संशोधनात आढळले आहे. डोक्यावर पाणी पडणे गाईंना आवडत नाही. त्यामुळे पाइपची धार पाठ, खांदे व कुशीवर धरावी. ओल्या जमिनीवर पंखा वा कूलर चालवताना त्याची अर्थिंग नीट असल्याची खात्री करून घ्यावी.

म्हशीची गोष्ट वेगळी आहे. कातडी काळी, केस विरळ आणि घर्मग्रंथी गाईपेक्षा फार कमी, त्यामुळे घाम गाळून ती स्वतःला गार करू शकत नाही. भंडारा-गोंदियाकडे मामा (माजी मालगुजारी) तलावात पाणी असेल तर दुपारी तिला डुंबू द्यावे. वऱ्हाडात जेथे तेवढे पाणी नाही तेथे दुपारी दोन-तीन वेळा अंगावर पाणी टाकावे.

टिनाचे छप्पर वरून चुन्याने पांढरे करावे किंवा त्यावर तणस, तुराट्या किंवा पऱ्हाटीचा थर द्यावा. मात्र हा थर वाळून अगदी कोरडा झालेला असतो, तेव्हा चूल व विजेच्या तारा त्यापासून दूर ठेवाव्यात.

पाणी दिवसरात्र समोर असावे. संकरित दुभत्या गाईला उन्हाळ्यात दिवसाला 80 ते 100 लिटर पाणी लागू शकते, आणि दूध काढून झाल्याबरोबर ती भरपूर पिते. नेमक्या त्या वेळी हौद रिकामा नसावा. उन्हात तापलेल्या टाकीचे पाणी जनावर कमी पिते, म्हणून टाकी सावलीत घ्यावी.

खाल्ल्यानंतर काही तासांनी पोटातील किण्वनाची उष्णता वाढते. सकाळी नऊला दिलेला कडबा व कुटार ऐन दुपारी अंग तापवतात. यासाठी वैरणीचा मोठा वाटा सूर्य मावळल्यावर आणि उरलेला पहाटे द्यावा. भूक मंदावली म्हणून चारा कमी करून ढेप व चुनी वाढवण्याचा मोह होतो, तो टाळावा. धापेमुळे लाळ बाहेर गळून वाया जाते, पोटातील आम्ल आवरणारा घटक कमी पडतो, आणि अशा वेळी जास्त खुराक दिल्यास अपचन बळावते. खाण्याचा सोडा व क्षारमिश्रण किती द्यावे हे पशुवैद्यकांना विचारून ठरवावे.

सर्वाधिक दुर्लक्ष आटलेल्या गाभण गाईकडे होते. दूध नाही, म्हणून तिला झाडाच्या अर्धवट सावलीत बांधतात आणि पंखा दुभत्या गाईला मिळतो. फ्लोरिडा विद्यापीठातील संशोधनानुसार शेवटच्या दोन महिन्यांत उष्णता सोसलेली गाय पुढच्या वेतात कमी दूध देते, तिचे वासरू कमी वजनाचे जन्मते, आणि ती कालवड मोठी झाल्यावर तिचेही दूध कमी भरते. एकच पंखा असेल तर माझ्या मते त्यावर या गाईचाही हक्क आहे.

बैलांबाबत कायदाच स्पष्ट आहे: ओढकाम करणाऱ्या व ओझे वाहणाऱ्या जनावरांवरील क्रूरता रोखण्यासाठीच्या 1965 च्या नियमांनुसार पारा 37 अंशांच्या वर असेल तेथे दुपारी 12 ते 3 या वेळेत त्यांना गाडीला जुंपता येत नाही.

जनावर अडखळू लागले, खाली बसून उठेना, किंवा गुदद्वारातील ताप 106 अंश फॅरनहाइटवर गेला, तर त्याला उष्माघात झाला असे समजून आहे तेथेच सावली करावी, सर्वांगावर सतत पाणी ओतावे, वारा घालावा आणि 1962 या क्रमांकावर फोन करून फिरत्या पशुवैद्यकीय पथकाला बोलवावे. शुद्ध नीट नसताना नळीने गूळपाणी किंवा कांद्याचा रस पाजू नये. ते फुप्फुसात गेल्यास जनावर उष्माघातातून वाचले तरी पुढे दगावू शकते. ते स्वतः मान उचलून तोंड पुढे करू लागले की मगच बादली समोर धरावी.