स्लो स्क्रूला हात लावण्याआधी

जबलपूरला बनलेला, लष्कराच्या लिलावातून सुटलेला निसान वन-टन ट्रक इंदुरात अजूनही कधीमधी गॅरेजला येतो. पेट्रोल, सहा सिलिंडर, 3956 सीसी. तक्रार ठरलेली: स्लोवर, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर, थडथडतो, नाहीतर रेस उतरतच नाही.

प्लग, पॉइंट, टायमिंग, टॅपेट तुम्ही बघालच. चोक पूर्ण उघडतोय का, अ‍ॅक्सिलरेटर परत येतोय का, तेही. मला छळलं ते चोरट्या हवेनं, म्हणजे फटीतून शिरणाऱ्या हवेनं.

स्लोवर बटरफ्लाय, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरमधली झडप, जवळजवळ बंद असतो आणि खालून इंजिन जोरात ओढत असतं. कार्बोरेटरखालचं पॅकिंग, मॅनिफोल्डचं पॅकिंग, व्हॅक्यूमची तडकलेली नळी, कुठेही फट पडली की जादा हवा शिरते आणि मिसिंग सुरू, इंजिन मध्येच चुकतं. मग कुणीतरी म्हणतंच, "स्लो बढ़ा दे." म्हणजे स्लो स्क्रू आवळून बटरफ्लाय जरा उघडा ठेव. अजिबात वाढवू नका! बटरफ्लाय उघडला की त्याच्या वरची भोकंही पेट्रोल देऊ लागतात आणि स्लोवरचं मिश्रण ठरवणाऱ्या मिक्श्चर स्क्रूचा ताबा सुटतो. खूण अशी: तो स्क्रू हलकेच पूर्ण बंद केला तरी इंजिन चालूच राहतं. आवळू मात्र नका, सुईच्या टोकाला वळ पडला की स्क्रू कामातून गेला.

फट शोधायला साबणाचं पाणी पिचकारीनं सांध्यांवर मारा. पाणी आत ओढलं गेलं की आवाज क्षणभर बदलतो. तापलेल्या एक्झॉस्टजवळ पेट्रोल किंवा क्लीनरचा स्प्रे मारणारे उस्ताद मी पाहिलेत. त्यांच्याकडून हे शिकू नका, आग लागते.

पॅकिंगं नवी घालूनही थडथड राहिली तर इंजिन बंद करून बटरफ्लायचा स्पिंडल, म्हणजे तो ज्यावर फिरतो ती दांडी, चिमटीत धरून हलवा. खडखडला तर हवा तिथूनच जातेय. महिनोन्‌महिने कार्बोरेटरची किटं बदलत बसाल, फरक पडणार नाही, कारण झिजलंय ते कार्बोरेटरच्या बॉडीतलं स्पिंडलचं भोक. लेथवाल्याकडून बुश बसवून घ्या. एवढं कळलं की अर्धं काम आलं, खरंच.

इंजिनाची ओढ मोजणारा व्हॅक्यूम गेज लावलात आणि पुस्तकातल्या 18 ते 22 इंचांपेक्षा काटा दीड-दोन इंच खाली दिसला तर घाबरू नका. इंदूर साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, तिथे हवेचा दाबच कमी. काटा स्थिर हवा.

फट बुजल्यावर गरम इंजिनावर आधी स्लो स्क्रू मागे घ्या, मग मिक्श्चर पाव-पाव फेऱ्यानं फिरवून रेस सर्वात चढती आणि एकसारखी होईल तिथे थांबा, आणि शेवटी स्लो पुन्हा उतरवा.