थंडीत जपानच्या ओनसेन गावांत राहायचं असेल तर

परत आल्यापासून सोसायटीत, ऑफिसात, नात्यात सगळे एकच विचारतायत की जानेवारीत जाऊन तुम्ही त्या गरम पाण्याच्या गावांत राहिलात कसे, व्हेज मिळालं का, आणि अनोळखी बायकांसमोर कपडे काढून अंघोळ, ते कसं जमलं, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय. आम्ही तिघं होतो, मी, नवरा आणि सासूबाई. आई 68 वर्षांच्या, बीपीची गोळी चालू, गुडघे दुखरे, आणि तरी तिघांत सगळ्यात जास्त आनंद त्यांनीच घेतला.

ओनसेन म्हणजे गरम पाण्याचा झरा, आपल्या कोकणात राजापूरला, तुरळला, उन्हवरेला आहेत तसाच, फक्त तिकडे त्या झऱ्याभोवती अख्खं गाव उभं राहिलेलं असतं. आणि ऱ्योकान म्हणजे त्या गावातलं जुन्या पद्धतीचं राहायचं घर, तातामी चटयांची खोली, जमिनीवर गादी, रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता त्यांच्याकडेच.

सगळ्यात आधी जे मला मनापासून सांगायचंय ते हे की एका गावात दोन रात्री राहा. आपल्याकडचे बहुतेक प्लॅन बघा, ओनसेनला एकच रात्र असते, संध्याकाळी पोचायचं आणि सकाळी आठला बॅगा खाली. त्यात हाती काही लागत नाही हो, कारण पहिला दिवस लाजण्यात आणि नियम समजून घेण्यातच जातो, खरी अंघोळ दुसऱ्या दिवशी होते. क्योतोचं एखादं देऊळ कमी बघितलं तर चालेल पण ही दुसरी रात्र कापू नका.

गाव कुठलं निवडायचं? पहिल्यांदा जात असाल तर माझं उत्तर किनोसाकी. ओसाकाहून कोउनोतोरी नावाची एक्सप्रेस आहे, साधारण पावणेतीन तास, आणि क्योतोहूनही थेट गाडी मिळते. गावातून छोटी नदी वाहते, दोन्ही काठांना विलोची झाडं, दगडी पूल, आणि सात सार्वजनिक स्नानगृहं. गावातल्या ऱ्योकानमध्ये राहिलात की या साताही ठिकाणांचा पास तिथूनच मिळतो, मग युकाता, म्हणजे पातळ सुती किमोनो, घालायचा, पायात लाकडी गेता, आणि खट खट करत एका स्नानगृहातून दुसऱ्यात जायचं, अख्खं गाव तेच करत असतं. प्रत्येक स्नानगृहाला आठवड्यातून एक दिवस सुट्टी असते आणि ती वेगवेगळ्या वारी, त्यामुळे पोचल्या पोचल्या विचारून घ्या. जानेवारीत अंधार सव्वापाचच्या आसपासच पडतो, बर्फ भुरभुरत असतो, दिवे लागतात, आणि आई पुलावर थांबून म्हणाल्या, अगं हे तर दिवाळीच्या पहाटेसारखं वाटतंय. मला त्या दिवसभर दुसरं काही सुचलं नाही.

दुसरं गाव कुसात्सू, गुन्मा प्रांतात, साधारण 1,200 मीटर उंचीवर. तोक्योच्या उएनो स्टेशनहून एक्सप्रेस अडीच तासांच्या आत-बाहेर नागानोहारा-कुसात्सुगुचीला सोडते, पुढे बस 25 मिनिटं. गावाच्या मधोमध युबाताके म्हणून जागा आहे, शब्दशः पाण्याचं शेत, लाकडी पन्हळींमधून गरम पाणी वाहत असतं आणि सगळीकडे वाफ आणि गंधकाचा वास. इथलं पाणी इतकं आम्लधर्मी आहे की जवळपास लिंबाच्या रसाच्या जातीचं म्हणा, डोळ्यात गेलं तर चांगलंच झोंबतं. आणि झऱ्याचं पाणी अंगावर घेता येणार नाही इतकं कढत. आता आपण काय करतो, बंबाचं कढत पाणी घंगाळात काढलं की विसण घालतो. कुसात्सूत विसण घालत नाहीत, कारण गार पाणी मिसळलं की झऱ्याचा गुण पातळ होतो असं त्यांचं म्हणणं, म्हणून बायका लांब फळ्या घेऊन गाणं म्हणत पाणी घुसळून घुसळून निववतात. याला युमोमी म्हणतात, त्याचा खेळ बघायला मिळतो. आई त्या फळ्यांकडे बघत राहिल्या आणि विसण हा शब्द मला माहीत आहे का म्हणून विचारलं, माहीत होता हे ऐकून खूश झाल्या.

गिन्झान नावाच्या ओनसेन गावाचे बर्फातले फोटो सगळ्यांनी बघितलेत, तिथे जायची इच्छा होणं साहजिक आहे, पण ते गाव अगदी चिमुकलं आहे, मोजकीच ऱ्योकान, खोल्या कितीतरी महिने आधी जातात, आणि गर्दीमुळे अलीकडे हिवाळ्यात नुसतं फिरायला येणाऱ्यांवर संध्याकाळच्या वेळी बंधनं घातलीत. खोली मिळाली तरच जा. तोक्योहून जास्त वेळ नसेल तर हाकोने, शिंजुकूहून रोमान्सकार ट्रेनने दीड तासाच्या आत, सोयीचं आहे, पण गावात पायी फिरत अंघोळी करायची जी मजा मी सांगतेय ती तिथे तशी नाही. बर्फातली माकडं बघायची असतील तर नागानोकडचं शिबू ओनसेन, तिथे नऊ स्नानगृहं आहेत आणि ऱ्योकानवाले तुम्हाला चावी देतात.

तारखांचं सोपं आहे. 29 डिसेंबर ते 3 जानेवारी जपान्यांचं नवीन वर्ष, भाव चढलेले, जागा नाही. जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी त्यांची सुट्टी असते, तो वीकेंडही टाळा. संक्रांत झाली की निघा. शनिवारची रात्र महाग असते म्हणून ओनसेनच्या रात्री सोमवार ते गुरुवारात बसवा आणि वीकेंड शहरात काढा. बर्फ जपान समुद्राच्या बाजूला जास्त पडतो, कारण सैबेरियाकडून येणारा गार वारा समुद्रावरून येताना बाष्प उचलतो आणि डोंगराला अडून सगळं तिथेच टाकतो, म्हणून तोक्योत लख्ख ऊन आणि किनोसाकीत बर्फ असं एकाच दिवशी होऊ शकतं. गाड्या उशिरा धावू शकतात, परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री डोंगरात राहू नका.

आता जेवण, कारण आपल्या लोकांचं इथेच अडतं. ऱ्योकानचा दर खोलीला नसून माणशी असतो आणि त्यात बहुतेकदा दोन्ही जेवणं धरलेली असतात, साधारण 15,000 ते 30,000 येन माणशी असं मध्यम ठिकाणी धरून चला, वर स्नानाचा कर माणशी बहुतेक ठिकाणी 150 येन. रात्रीचं जेवण म्हणजे छोट्या छोट्या वाट्या, ताटल्या, एकापाठोपाठ एक, बघतच राहावं अशी मांडणी, पण जवळजवळ सगळ्याच्या मुळाशी दाशी असते, म्हणजे सुकवलेल्या माशाचं पाणी. भाजी दिसते, तोफू दिसतो, सूप स्वच्छ दिसतं, आणि तरी त्यात मासा असतो. आम्ही दोघं मासे खातो त्यामुळे किनोसाकीत हिवाळ्यातला खेकडा, त्याचा सीझन नोव्हेंबर ते मार्च, पोट भरून खाल्ला, पण आई पक्क्या शाकाहारी.

तर काय करायचं, बुकिंग करायच्या आधी मेल लिहा, नंतर नाही. नुसतं व्हेजिटेरियन लिहून उपयोग होत नाही, स्पष्ट लिहा की मांस नाही, मासे नाहीत, दाशीसुद्धा नाही, अंडं आणि दूध चालतं की नाही. आम्ही चार ठिकाणी लिहिलं, दोघांनी नम्रपणे जमणार नाही म्हणून कळवलं, एकाने दाशी काढता येणार नाही असं प्रामाणिकपणे सांगितलं, आणि एकाने हो म्हटलं आणि खरंच केल्प नावाचं समुद्री शेवाळ आणि शिताके मशरूम यांच्या पाण्यात आईंचं सगळं जेवण वेगळं रांधलं. नाही म्हणणाऱ्याचा राग मानू नका, तिथे हो म्हटलं की ते शब्द पाळतात, म्हणूनच आधी नाही म्हणतात. दुसरा मार्ग म्हणजे सुदोमारी, फक्त मुक्काम, जेवण नाही, तो दर कमी असतो. कुसात्सूत आम्ही तेच केलं, गावातलं दुकान, तिथला गरम भात, आणि सोबत नेलेलं मेतकूट, तूप, लोणचं. खिडकीबाहेर बर्फ आणि समोर मेतकूट-भात, आई म्हणाल्या आता मला काही नको. तेवढं मेतकूट पाव किलो तरी न्या.

एक चूक आमची झाली ती तुमची होऊ नये. किनोसाकीला पोचायलाच साडेसहा वाजले, वाटेत एका स्टेशनवर उगाच रेंगाळलो, आणि जेवणाची शेवटची वेळ साडेसहाचीच होती. मालकीणबाई काही बोलल्या नाहीत पण स्वयंपाकघर आमच्यासाठी थांबलेलं बघून मला फार वाईट वाटलं. चेक-इन तीनला असतो, तीन-चारपर्यंत पोचाच, आधी अंघोळ, मग जेवण, परत अंघोळ, तोपर्यंत खोलीत गाद्या घातलेल्या असतात.

आता अंघोळ. दारावर पडदे असतात, बहुतेकदा बायकांचा लाल, पुरुषांचा निळा, पण रंगावर विसंबू नका, बायकांसाठीचं अक्षर 女 ओळखून ठेवा, आणि काही ठिकाणी बायका-पुरुषांच्या बाजू बदलतात म्हणून दर वेळी बघा. आत टोपलीत किंवा लॉकरमध्ये सगळे कपडे काढायचे, सगळे, पोहण्याचा ड्रेस चालत नाही. सोबत फक्त एक छोटा पातळ टॉवेल, अगदी आपल्या पंच्यासारखा. मग खाली बुटक्या स्टुलावर बसून, उभं राहून नाही, हातशॉवरने साबण लावून स्वच्छ अंघोळ करायची, साबणाचा फेस पूर्ण धुवायचा, स्टूलही धुऊन ठेवायचं. म्हणजे मळ बाहेर, कुंडात स्वच्छ अंगानेच उतरायचं, आपल्याला हे समजायला जड नाही. केस वर बांधा, पंचा पाण्यात बुडवू नका, घडी करून डोक्यावर ठेवा. पाणी 40 ते 43 अंश असतं, आधी पायांवर दोन तांबे घ्या, हळू उतरा.

लाजेचं सांगते. पहिल्या दिवशी आई नाहीच म्हणाल्या. मग आम्ही ऱ्योकानमधलं काशिकिरी घेतलं, म्हणजे कुटुंबापुरतं राखून ठेवायचं छोटं स्नानगृह, 45 मिनिटं, आतून कडी. तिथे त्या आणि मी दोघीच होतो, सवय झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, गर्दी नसते तेव्हा, सार्वजनिक ठिकाणी गेलो. आत दोन आज्या होत्या, कुणी आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. उघड्यावरच्या कुंडात गळ्यापर्यंत गरम पाणी, डोक्यावर बर्फ पडतोय, पापणीवर येऊन विरघळतोय. आई डोळे मिटून बसल्या होत्या. निघताना त्यातल्या एका आजींनी आईंचा युकाता सोडून परत घातला, कारण आम्ही उजवी बाजू वर घेतली होती. डावी बाजू वर घ्यायची, उजवी वर फक्त मृतांना घालताना घेतात. हे लक्षात ठेवाच.

आईंच्या हातावर तुळशीवृंदावनाचं गोंदण आहे. बऱ्याच ओनसेनमध्ये टॅटू चालत नाही आणि गोंदणही त्यांच्या लेखी टॅटूच. किनोसाकीच्या साताही सार्वजनिक ठिकाणी चालतो, ते गाव निवडायचं हेही एक कारण होतं. इतरत्र आधी विचारा, लहान असेल तर चिकटपट्टी लावून चालू शकतं. चांदीची जोडवी, पैंजण काढून ठेवा, गंधकाच्या पाण्याने चांदी काळी पडते, माझी कुसात्सूत पडली. पाळी चालू असेल तर सामाईक कुंडात उतरत नाहीत, खोलीतली बाथरूम वापरा. बीपी, हृदय, गरोदरपण असं काही असेल तर डॉक्टरांना विचारून जा, एका वेळी पाच ते दहा मिनिटं पुरे, दारू पिऊन उतरू नका, आणि बाहेर आलात की पाणी प्या आणि थोडं बसा.

बाकी बारीकसारीक. व्हिसा लागतोच, पुण्याहून थेट विमान नाही, मुंबईहून निघायचं. रेल्वेचा देशभर चालणारा जेआर पास ऑक्टोबर 2023 मध्ये सात दिवसांना 50,000 येन झाला, अशा ट्रिपला तो परवडत नाही, त्यापेक्षा कान्साई वाइड एरिया पास बघा, पाच दिवसांचा असतो आणि त्यात किनोसाकी येतं. त्यातच ओकायामाही येतं, आणि सिंहगड रोडवरची आपली पु. ल. देशपांडे बाग ज्या कोराकुएनवरून केलीय ती तिथेच आहे, आईंना ती बघायचीच होती म्हणून एक दिवस दिला. मोठ्या सुटकेस ओनसेनला नेऊ नका, ताक्क्युबिन म्हणजे सामान कुरियरने पुढच्या हॉटेलला पाठवा, रिसेप्शनवरच सांगता येतं, बहुतेकदा दुसऱ्या दिवशी पोचतं, बर्फात एखादा दिवस जास्त धरा. सोबत एक सॅक, आतले गरम कपडे, आणि पकड असलेले बूट. खिशात ठेवायच्या गरम पुड्या, काइरो, कुठल्याही कॉम्बिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या सर्व वस्तूंच्या दुकानात, मिळतात, आईंच्या गुडघ्यांना त्यांनी फार आराम पडला. रोख थोडी जवळ ठेवा. टीप देऊ नका. तातामीवर चप्पल नको, संडासाच्या चपला वेगळ्या असतात, त्या तिथेच सोडा.

आणि तो पंचा ऱ्योकानचं नाव छापलेला असेल तर बरेचदा तुम्हालाच न्यायचा असतो, निघताना विचारून घ्या. आमचा सध्या कोथरूडच्या गॅलरीत दोरीवर वाळतोय, आई देवपूजेआधीची अंघोळ झाली की तोच घेतात.