प्लॅस्टिक फेकलं तरी फसतोच: हार्मोन बिघडवणाऱ्या रसायनांबाबत या चुका टाळा

ओळखीच्या एका वहिनींनी अभिमानानं सांगितलं, "स्वयंपाकघरातलं सगळं प्लॅस्टिक काढून टाकलं बघा." पाच मिनिटांत कोपऱ्यावरून चहा आला. कढत, पातळ कॅरीबॅगेत गाठ मारून.

बिस्फेनॉल ए, म्हणजे बीपीए, पॉलिकार्बोनेट नावाच्या कडक पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये आणि डबाबंद पदार्थांच्या डब्याच्या आतल्या लेपात असतं. थॅलेट्स ही रसायनं पीव्हीसी नावाचं प्लॅस्टिक मऊ करायला आणि सुगंध टिकवायला वापरतात. ही रसायनं शरीरात हार्मोनची नक्कल करतात किंवा त्यांच्या कामात आडवी येतात. वस्तू तापली, तेलकट पदार्थ भरला किंवा बराच वेळ तसाच राहिला, की ती जास्त सुटतात. म्हणून कोरड्या डाळीचा डबा फेकून गरम सांबाराचं पार्सल आणणं हा उफराटा हिशेब झाला.

आपली शेंगा चटणी घ्या. तेल सुटेपर्यंत कुटलेली आणि आठवडेच्या आठवडे पुरणारी. प्लॅस्टिकमध्ये ठेवायला याहून वाईट पदार्थ शोधून सापडायचा नाही. घरी आणल्या आणल्या काचेच्या बरणीत काढा. कडक भाकरीची तेवढी काळजी नको, ती कोरडी असते. भजी मात्र वर्तमानपत्रावर घेऊ नका. अन्न वर्तमानपत्रात बांधायला एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांनुसार मनाई आहे.

आता पाण्याचं. आपल्याकडे नळ काही दिवसांआड येतो, त्यामुळे बॅरल घरोघरी आहेत आणि त्याला इलाज नाही. चूक होते ती स्वस्तात जुना निळा बॅरल घेताना. आमच्याकडेही असा एक आला होता. तीनदा घासला, तरी उन्हं चढली की साबणासारखा वास यायचा. आत आधी काय होतं, ते विकणाऱ्यालाही सांगता आलं नाही. असा बॅरल कापड कारखान्यातलाही असू शकतो, आणि कापडाच्या धुलाई-रंगाईत नोनिलफिनॉल इथॉक्सिलेट नावाची धुण्याची रसायनं वापरली जातात. त्यांच्यापासून पुढे बनणारं नोनिलफिनॉल इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनची नक्कल करतं. धुता येणाऱ्या कापडात ती ०.०१ टक्का किंवा जास्त असतील, तर युरोपियन महासंघात २०२१ पासून ते कापड विकता येत नाही. तेव्हा रसायनाचा रिकामा बॅरल पिण्याच्या पाण्याला कधीच नको. खाद्यपदार्थांसाठीचा नवा घ्या आणि गच्चीवर असेल तर सावलीत ठेवा. नवी चादर, नवा टॉवेलही वापरण्याआधी एकदा धुवा.

बाटलीच्या तळाचा, प्लॅस्टिकचा प्रकार सांगणारा आकडा वाचताना उलटा गोंधळ होतो. १ आकड्याच्या पेट प्लॅस्टिकच्या बाटलीत बीपीए असल्याचे मेसेज फिरतात, पण पेट बीपीएपासून बनतच नाही. ७ म्हणजे 'इतर', त्यात पॉलिकार्बोनेट येऊ शकतं. पाण्याचे कडक पारदर्शक जार बघून घ्या. बाळाच्या दुधाच्या बाटल्यांत पॉलिकार्बोनेट नको, असं भारतीय मानकानं २०१५ मध्येच ठरवलं आहे. 'बीपीए-फ्री' लिहिलंय म्हणून जास्त पैसे मोजू नका. बीपीएऐवजी बऱ्याचदा त्याचंच भावंड बीपीएस असतं आणि तेही हार्मोनसारखं वागताना आढळलं आहे. त्यापेक्षा स्टील बरं.

दुकानाचं गुळगुळीत बिल नखानं ओरखडून बघा. काळी रेघ उठली तर तो थर्मल कागद. त्यावरचं बीपीए किंवा बीपीएस हाताला लागतं, आणि सॅनिटायझर लावलेल्या ओल्या हातानं धरलं तर जास्त शोषलं जातं. ते पाकिटात साठवू नका, पोराच्या हाती खेळायला देऊ नका. दिवसभर काउंटरवर बसणाऱ्या गरोदर बाईनं तर हातमोजे घालावेत. पोटातल्या बाळासाठी हा काळ सगळ्यात नाजूक असतो.

सगळ्यात वाईट सवय मात्र बंबाची. आंघोळीचं पाणी तापवायला जुन्या चपला, वायरी, कॅरीबॅगा आत कोंबतात. पीव्हीसी असं जळलं की डायऑक्सिन तयार होतं, तेही हार्मोन बिघडवणारं विषारी रसायन. बीपीए बहुतेक दिवसभरात लघवीवाटे निघून जातं. डायऑक्सिन चरबीत जाऊन वर्षानुवर्षं राहतं. धूर शेजारच्या अंगणातही जातो, हे वेगळं सांगायला नको. बंबात लाकूड घाला, नाहीतर शेंगांची टरफलं.

राहिला चहा. स्टीलची किटली नेली तर कोपऱ्यावरचा चहावाला ती भरून देतो. वहिनींना तसं म्हटलं. म्हणाल्या, "किटली आहे की, माळ्यावर. प्लॅस्टिकच्या डब्यांमागं गेलीय."