२० फुटी दगडी कमान: फर्म्यापासून पाचरी सोडेपर्यंत

विसाव्या शतकाच्या सुरुवातीची दगड-चुन्याची रीत पाळून मुंबईतल्या नाल्यावर कमान घालायची, तर आधी पावसाळा मोजायचा. दसऱ्यानंतर पाया खणा. बांधताना कमान तोलून धरणारा लाकडी सांगाडा मेअखेर निघालेला हवा. पुरात टेकूंना झाडझाडोरा अडकला, तर कमानीसकट सगळं वाहून जातं.

गाळा, म्हणजे दोन टोकांमधलं अंतर, २० फूट, कमानीची उंची ५ फूट धरू. त्रिज्या साडेबारा फूट येते. घडीव दगडात कमानीची जाडी दीड फूट पुरते. अनघड दगड असेल तर एक तृतीयांशाने वाढवा. दगड कुर्ल्याचा काळा. पोरबंदरी नक्षीकामाला छान, इथे नको. सपाट जमिनीवर पूर्ण मापात कमान आखून पाथरवटाला फर्मा, म्हणजे दगड घडवायचा नमुना, द्या: २३ दगड, खालून १२ इंच, वरून साडेतेरा. सगळी करामत या दीड इंचात आहे. उतार चुकला की सांध्यात चिपा कोंबल्या जातात, भार दगडाच्या एकाच कडेवर येतो आणि ती कड उडते.

माथ्यावर शेवटी बसणाऱ्या चावीच्या दगडाचं कौतुक जरा जास्तच होतं. खरी मदार बाजूंवर. कमान बाजूंना रेटते, म्हणून ती जिथून उगवते तिथे दोन्हीकडचं बांधकाम निदान ५ फूट जाड हवं, आतून पोकळ नको. बोरघाटातला दगडी कमानींचा रेल्वेपूल १८६७ साली कोसळला, तो निकृष्ट बांधकामामुळेच.

चुना आणि सुरखी (विटांची पूड) घाणीत मळून त्याच दिवशी संपवा. दगड धुऊन ओला लावा. धुळीवर चुना धरत नाही. एक दगड डावीकडे, एक उजवीकडे, असंच वर चढायचं. खांदे, म्हणजे माथ्याच्या दोन्हीकडचे उतरते भाग, भरताना सांगाड्याचा माथा वर उचलला जातो. त्यावर आधीच दगडांचं ओझं ठेवा. चावीचा दगड लाकडी मोगरीने बसवा. घणाने ठोकला तर खांद्यावरचे सांधे उघडतात.

सांगाड्याखालच्या पाचरी एकदम काढू नका. चावी बसल्यावर काही दिवसांनी थोड्याच सैल करा, म्हणजे सांधे आवळतात. मग खांद्यांवर दोन्हीकडे सारखं बांधकाम चढवा, पाणी निघायला भोकं ठेवा. चुना पक्का व्हायला काही आठवडे द्या. नंतर पाचरी माथ्यापासून दोन्हीकडे जोडीने, थोड्या थोड्या सोडा. माथ्यावर खूण करून रोज सकाळी मोजा. ती सरकत असेल तर हात थांबवा. दोन-तीन दिवस जागची हलली नाही, की पुढची पाचर.