भाऊबीजेनंतर भंडारदरा: मोठ्या झालेल्या भावंडांची सहल कशी आखावी

नोकरी, लग्न, मुलंबाळं यांत भावंडं पांगतात. मग भेटी होतात त्या कुणाच्या लग्नात, बारशात नाहीतर हॉस्पिटलात, आणि तिथे धड बोलणं होत नाही. डोंगराच्या पायथ्याशी दोन रात्री एकत्र काढल्या तर ती कसर भरून निघते. अशा सहलीसाठी मी सगळ्यांत आधी धरणाकाठचं भंडारदरा सुचवेन. मुंबई आणि नाशिककडून घोटीमार्गे, पुण्याकडून संगमनेर-अकोले-राजूरमार्गे तिथे पोचता येतं, त्यामुळे कुणा एकालाच लांबचा प्रवास पडत नाही.

तारीख ठरवताना भाऊबीजेचा विचार करा. तेव्हा सगळे तसेही एकत्र जमलेले असतात, पाऊस सरलेला असतो, हवा स्वच्छ आणि गवत सोनेरी झालेलं असतं. मात्र बहिणीला सवड कधी आहे ते सर्वांत आधी विचारा. बहुतेक घरांत भाऊ तारीख ठरवतात आणि बहिणीला कळवतात; मग सासरचा कार्यक्रम मोडून तिला यावं लागतं, किंवा तिचं येणंच रद्द होतं. दिवाळीच्या आठवड्यात भंडारदऱ्याच्या शेंडी गावातल्या खोल्या आणि धरणाकाठचे तंबू लवकर भरतात. दोनेक महिने आधी आरक्षण करा, नाहीतर आठवडाभर थांबून जा.

कोण कोण जाणार? माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या खेपेला फक्त भावंडं. वहिनी आणि भावजी बरोबर असले की प्रत्येक जण नकळत कुणाचा तरी नवरा, कुणाची तरी बायको होऊन वागतो, आणि जुन्या गप्पा अर्ध्यावर राहतात. घरी हे आडून सुचवू नका, सरळ सांगा. मुलांना सांभाळण्याची सोय लावून निघा आणि परत आल्यावर जोडीदारालाही तशीच दोन दिवसांची मोकळीक द्या.

पैशांचं आधी बोला. ज्याची कमाई जास्त तो प्रेमापोटी सगळा खर्च उचलू बघतो, आणि बाकीचे दोन दिवस संकोचून वावरतात. राहणं, जेवण, डिझेल यांची वर्गणी सारखी ठेवा. एखाद्याची ओढाताण असेल तर त्याच्याशी एकट्याने बोला. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर हा विषय काढू नका. रोख रक्कम बरोबर असू द्या, कारण जवळच्या रतनवाडी गावाच्या बाजूला मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही.

कामं मुद्दाम उलटी वाटा. चाळिशीतला धाकटाही भावंडांत धाकटाच राहतो, आणि ताई कुठेही गेली तरी भांडी आवरायला उठते. म्हणून रस्ता, आरक्षण आणि हिशोब धाकट्याच्या हाती द्या, आणि दादाने त्याला मध्ये मध्ये सूचना देऊ नयेत. स्वयंपाकाची जबाबदारी बहिणीवर नकोच. गावातल्या एखाद्या घरी आदल्या दिवशी सांगून ठेवलं की पिठलं, नागलीची किंवा तांदळाची भाकरी, ठेचा असं गरम जेवण मिळतं. पैसे विचारून घ्या, घासाघीस करू नका.

एक दिवस कळसूबाईला द्या. 1646 मीटर उंचीचं हे महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर. वाट बारी गावातून जाते. चढायला तीन ते चार तास धरा आणि उजाडायच्या आत निघा, कारण वाटेवर सावली कमी आहे. प्रत्येकी दोन लिटर पाणी, टॉर्च, स्वेटर आणि पकड असलेले बूट हवेतच. अवघड कातळटप्प्यांवर लोखंडी शिड्या आहेत. पहाटे त्यांचे कठडे इतके गार असतात की तळहात झोंबतात. वरून उतरणाऱ्यांना आधी वाट द्या, शिडीवर फोटोसाठी थांबू नका. ज्याला दम सर्वांत लवकर लागतो त्याला पुढे ठेवा. बाकीचे त्याच्या चालीने चालतील. वाट अरुंद आहे, त्यामुळे दोघादोघांच्या जोड्या आपसूक पडतात, आणि समोरासमोर बसून जे बोलवत नाही ते अशा चालण्यात सहज बोललं जातं. दर विश्रांतीला जोड्या बदला.

माथ्यावर कळसूबाईचं छोटं मंदिर आहे. तिथून अलंग, मदन, कुलंग हे किल्ले आणि खाली धरणाचं पाणी दिसतं. डब्यात उरलेला फराळ न्या. आईच्या हातच्या मोडक्या चकल्या तिथे जशा संपतात तशा घरी संपत नाहीत.

गुडघे दुखणाऱ्याने हट्टाने चढू नये, आणि त्याला एकटंही सोडू नये. एकाने त्याच्याबरोबर रतनवाडीला जावं. तिथलं अमृतेश्वराचं कोरीव दगडी मंदिर आणि शेजारची पुष्करणी बघण्यात सकाळ छान जाते. जलाशयात पोहायला मात्र कुणीच उतरू नये: पाणी खोल आहे आणि तळाचा अंदाज येत नाही. दारू पिऊन पाण्याजवळ किंवा कड्याजवळ जाण्याचा प्रश्नच येत नाही.

अवघड विषय. आईवडिलांची औषधं, त्यांच्याजवळ कोण राहणार, गावच्या घराचं काय करायचं, हे विषय निघणारच. त्यांना चढाईच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहानंतरचा तासभर द्या आणि ठरलेलं कागदावर उतरवा. रात्री शेकोटीपाशी हे काढू नका. दमलेल्या माणसाच्या तोंडून नको ते शब्द जातात आणि ते वर्षानुवर्षं लक्षात राहतात. वाद चढलाच तर त्या दोघांना एकमेकांसमोर बसवून न ठेवता धरणाच्या बाजूला फिरायला पाठवा. शेकोटीसाठी लाकूड विकत घ्या, रानातलं तोडू नका. हा परिसर अभयारण्याला लागून आहे.

निघताना आपला प्लास्टिकचा कचरा गाडीत भरा. शेंडीतच नाश्ता करताना हिशोब मिटवा, कारण पुढे रस्ते फुटतात आणि राहिलेले पाचशे रुपये मागायला जीव होत नाही. पुढच्या वर्षीचा महिनाही तिथेच ठरवा. जागा निवडण्याचा मान या वेळी ज्याचं सगळ्यांत कमी ऐकलं गेलं त्याला द्या.